तिसऱ्या दिवसाची गोळी

बाळंतपणानंतरचा दुसरा-तिसरा दिवस आपल्याकडे तक्रारीचा असतो. बाळ रात्रभर किरकिरलेलं, आईचे टाके ओढताहेत, स्तन अजून मऊच, आणि खाटेभोवती जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी निकाल देऊन टाकते, ‘दूध पुरंना झालंय पोरीला.’ शिराळा तालुक्यात हा निकाल लागला की पुढे तीन वाटा फुटतात. पहिली चुलीकडे जाते. अळीव भिजतात, डिंक तळला जातो, मेथीचे लाडू वळले जातात, जेवणानंतर बाळंतशोपा हातावर येतात. दुसरी वाट पेठेतल्या मेडिकलमध्ये जाते आणि शतावरीचा डबा घेऊन परतते. तिसरी वाट गोळीची. ही गोळी मुळात उलटी-मळमळीवरची, नाव डॉमपेरिडोन. ती कधी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते, तर कधी ‘मागच्या खेपेला जाऊबाईंना दिली होती तीच द्या’ एवढ्या सांगण्यावर.

या तिन्ही वाटांवर गेल्या पन्नासेक वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. त्यातलं काही परदेशात, काही दिल्लीत, आणि काही तर शिराळ्याहून एका दिवसात पोचता येईल अशा दावणगिरीत. ते सगळं एकत्र वाचायला बसलं की एक गंमत दिसते. औषधाच्या चाचण्यांमधला सर्वांत बोलका आकडा बहुतेक वेळा औषध न मिळालेल्या गटाचा असतो. ते कसं, हे कळण्यासाठी आधी दूध येतं कसं ते पाहावं लागेल.

गरोदरपणाच्या उत्तरार्धातच स्तनात चीक तयार होऊ लागतो. पण वार जागेवर असेपर्यंत तिच्यातून येणारं प्रोजेस्टेरॉन पुढच्या दुधाला अडवून धरतं. वार पडली की अडसर निघतो आणि साधारण दोन ते तीन दिवसांत दूध उतरतं. पहिल्या चोवीस तासांत निघणारा चीक जेमतेम काही चमचे भरतो, आणि त्या दिवशीच्या बाळाच्या पोटाला तेवढाच पुरतो. चौथ्या-पाचव्या दिवशी हेच प्रमाण दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास जातं, महिनाभरात पाऊण लिटरवर, आणि पुढे सहा महिने जवळपास तिथेच राहतं. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेलीला, मधुमेह असलेलीला किंवा कळा फार लांबलेलीला दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली दर चौथी प्रसूती सिझेरियनने झालेली दिसते, तेव्हा हा उशीर लागणाऱ्या आया थोड्याथोडक्या नाहीत. थोडक्यात, ज्या दिवशी आपण ‘दूध नाही’ म्हणून गोळी आणायला माणूस धाडतो, तो दिवस दूध यायचाच असतो. गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दूध उतरलं, की श्रेय गोळीला जातं. जाऊबाईंची शिफारस अशीच तयार होते.

दूध एकदा उतरल्यावर कारभार दोन संप्रेरकांकडे जातो. प्रोलॅक्टिन दूध बनवतं. बाळ ओढतं तेव्हा ते वाढतं, आणि रात्रीच्या पाजण्यात जास्तच वाढतं. ऑक्सिटोसिन बनलेलं दूध बाहेर ढकलतं. त्यालाच आपण पान्हा म्हणतो. पहिल्या काही आठवड्यांनंतर तर प्रोलॅक्टिनचं महत्त्वही मागे पडतं आणि स्तन आपला हिशेब आपणच ठेवू लागतो. दूध साठून राहिलं तर नवीन बनण्याचा वेग मंदावतो, निघालं तर वाढतो. एका बाजूचं जास्त निघालं तर त्याच बाजूचं जास्त बनतं. म्हणून ‘साठू दे जरा, मग पाज’ हा सल्ला, कितीही मायेने दिलेला असला तरी, दूध घटवण्याचा खात्रीचा उपाय आहे. वरच्या दुधाची वाटी किंवा डब्यातली पावडरही तेच करते. बाळ झोपतं, एक पाजणं चुकतं, स्तन भरलेला राहतो, दुसऱ्या दिवशी दूध खरोखरच कमी भरतं. तिसऱ्या दिवशीचा खोटा निकाल दहाव्या दिवशी खरा ठरतो.

मग दूध खरंच कमी आहे हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नाही, बाळं संध्याकाळी तासतासभर सलग ओढत बसतात, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास तर अधिकच. स्तन मऊ लागतो यावरूनही नाही. दीड महिन्यानंतर तो मऊच राहतो, कारण मागणी-पुरवठ्याचा मेळ बसलेला असतो. पिळून पाहण्यावरूनही नाही. बाळाच्या तोंडाला जेवढं येतं तेवढं हाताला किंवा पंपाला येत नाही. खरे पुरावे दोनच, लंगोट आणि वजनकाटा. पाचव्या दिवसापासून बाळाने दिवसाला निदान सहा वेळा लघवी करायला हवी. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, पण दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं आणि पुढे रोज वीस-तीस ग्रॅमने वाढायला हवं. वजन एका दहाव्या हिश्शाहून जास्त उतरलं, लंगोट कोरडे, बाळ मलूल, तर मात्र लाडू, डबा, गोळी सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

हा वजनकाटा दारापर्यंत येतो, आणि त्यामागे महाराष्ट्रातलीच एक गोष्ट आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, त्याचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे तीच पद्धत देशभर आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं, झोळीच्या काट्यावर बाळ तोलायचं, असा दंडक आहे. चांदोलीच्या बाजूला, आरळा-चरणच्या वरच्या वाड्यांवर, पावसाळ्यात हे सहा फेरे पूर्ण करणं म्हणजे काय ते त्यांनाच विचारावं. पण दूध पुरतं की नाही याचा निकाल द्यायला अख्ख्या घरात हा काटाच सर्वांत लायक असतो, आणि नेमका तोच निकालाच्या वेळी विचारात घेतला जात नाही.

आता गोळीकडे येऊ. डॉमपेरिडोन बेल्जियममधल्या यान्सेन कंपनीने १९७४मध्ये शोधलं. मेंदूतलं डोपामिन एरवी प्रोलॅक्टिनला दाबून ठेवतं. ही गोळी डोपामिनला अडवते, प्रोलॅक्टिन मोकळं सुटतं. उलटीसाठी घेतलेल्या गोळीने काही पेशंटांच्या, पुरुषांच्यासुद्धा, छातीतून दूध येऊ लागलं तेव्हा हा दुष्परिणाम डॉक्टरांच्या ध्यानात आला, आणि बाळंतिणींसाठी तोच उपयोग ठरला. कॅनडात टोरँटोच्या डॉ. जॅक न्यूमन यांच्यासारख्या स्तनपान-तज्ज्ञांनी ती मोठ्या मात्रेत आणि उघडपणे वापरली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र ७ जून २००४ला स्तनदा मातांनी ती घेऊ नये असा इशारा दिला. तिथे ही गोळी कोणत्याच आजारासाठी मंजूर नाही.

दोघांच्या मधे खरं किती? २०१७मध्ये कॅनडातली एक चाचणी छापली गेली, ‘एम्पॉवर’ नावाची. त्यात नव्वद आया होत्या, सगळ्यांची बाळं २३ ते २९ आठवड्यांत, म्हणजे फारच अपुऱ्या दिवसांची जन्मलेली. बाळ काचपेटीत, आई पंपाने दूध काढते, आणि ते कमी पडतंय. निम्म्या आयांना दोन आठवडे रोज तीस मिलिग्रॅम डॉमपेरिडोन दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच बिनऔषधाची गोळी. औषध मिळालेल्यांपैकी ७८ टक्के आयांचं दूध निदान दीडपट झालं. बिनऔषधाच्या गोळीवर किती जणींचं झालं? ५८ टक्के. म्हणजे गोळीने काम केलं हे खरं. पण कुणीतरी रोज विचारपूस करतं आहे, दूध मोजतं आहे, पंप वेळेवर लावायला सांगतं आहे, एवढ्यावर अर्ध्याहून अधिक आयांचं दूध दीडपट झालं हेही तितकंच खरं. शंभरांतल्या वीसच आया अशा, ज्यांच्या बाबतीत गोळीचा वाटा वेगळा दाखवता येतो.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या आयांवरच्या आधीच्या दोन छोट्या चाचण्या एकत्र केल्या तर गोळीने दिवसाला साधारण शंभर मिली दूध वाढलं होतं. दीड किलोच्या बाळाला दिवसाला सव्वादोनशे मिलीच्या आसपास दूध लागतं. त्याच्या दृष्टीने शंभर मिली म्हणजे जवळजवळ निम्मा दिवस. तीन किलोच्या, पुऱ्या दिवसांच्या, छातीला लागलेल्या बाळाच्या दृष्टीने तो एका-दीड पाजण्याचा फरक आहे. अशा आयांसाठी कोक्रेन या संस्थेने २०२०मध्ये ४१ चाचण्या आणि तीन हजार आया एकत्र करून पाहिल्या. गोळ्या, काढे, पाले, सगळंच त्यात होतं. काही उपायांनी दूध वाढत असावं, पण चाचण्या लहान आणि कच्च्या, त्यामुळे खात्रीने काही सांगता येत नाही, असा त्याचा मथितार्थ निघाला. सर्वांत जास्त गोळ्या अर्थातच याच आया घेतात.

धोक्याचं काय? १९८०च्या दशकात कॅन्सरच्या पेशंटांना शिरेतून मोठ्या मात्रेत दिलेल्या डॉमपेरिडोनने काहींचं हृदय बंद पडलं, आणि ते इंजेक्शन बाजारातून गेलं. गोळीने तसं होण्याची शक्यता तरुण, निरोगी बाईत थोडीच आहे. ती थोडी आहे म्हणून विसरून चालत नाही, कारण ज्यांच्या हृदयाच्या ठोक्यात जन्मतःच दोष असतो त्यांना तो ईसीजी काढेपर्यंत ठाऊकही नसतो. युरोपच्या औषध नियामकाने २०१४मध्ये ही गोळी फक्त उलटी-मळमळीसाठी, दिवसाला तीस मिलिग्रॅमपर्यंत आणि शक्यतो आठवडाभरच द्यावी असं ठरवलं. आपल्याकडे मला जास्त काळजी वाटते ती गोळ्यांच्या सरमिसळीची. सिझेरियननंतर पित्तावर म्हणून जी गोळी मिळते तिच्यात पँटोप्राझोलबरोबर बहुधा डॉमपेरिडोन असतंच. वर दुधासाठी वेगळं चालू झालं तर मात्रा दुप्पट. स्तनाग्राला बुरशी झाली म्हणून फ्लुकोनॅझोल दिलं, घशाला म्हणून एरिथ्रोमायसिन दिलं, तर दोन्ही औषधं डॉमपेरिडोन शरीरात साठवून ठेवतात आणि हृदयावरचा ताण वाढवतात. एकाच डॉक्टरने तिन्ही चिठ्ठ्या लिहिल्या असतील तर त्याच्या लक्षात येईल. इथे एक चिठ्ठी इस्लामपूरची असते, दुसरी शिराळ्याची, आणि तिसरी नसतेच. दुधातून बाळाकडे ही गोळी फार थोडी जाते, हा त्यातल्या त्यात दिलासा.

डॉमपेरिडोनच्या आधी आणि अजूनही काही ठिकाणी मेटोक्लोप्रामाइड दिलं जातं. काम तसंच करतं, पण ते मेंदूत शिरतं. उदासी, अस्वस्थता, आणि लांबवर घेतलं तर चेहऱ्या-जिभेच्या आपोआप होणाऱ्या हालचाली, ज्या कधीकधी थांबत नाहीत. अमेरिकेने २००९मध्ये त्याच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. बाळंतपणानंतर आधीच मन उदास असलेल्या बाईला हे औषध दूध वाढवायला देणं मला तरी पटत नाही.

आणि या औषधाचा फोलपणा दाखवणारा अभ्यास भारतातलाच आहे. १९९७मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी पन्नास अशा आया घेतल्या ज्यांचं पाजणं तुटलं होतं किंवा फारच कमी झालं होतं. सगळ्यांना नीट शिकवलं, धीर दिला, बाळाला वारंवार छातीला लावलं. त्यातल्या निम्म्यांना वर मेटोक्लोप्रामाइड दिलं. ४६ आया पुन्हा पूर्ण स्तनपानावर आल्या. औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्यांमध्ये फरक पडला नाही. दावणगिरीच्या जे. जे. एम. मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. केसरी आणि डॉ. बनापूरमठ दांपत्य याच कामात वर्षानुवर्षं होतं. त्यांनी २००३मध्ये एक हजार आयांचा अनुभव मांडला. बाह्यरुग्ण विभागातच, म्हणजे भरती न करता, दहांतल्या आठांहून अधिक आया पुन्हा फक्त अंगावरच्या दुधावर आल्या होत्या. आत वळलेल्या स्तनाग्रासाठी त्यांनी सुचवलेली युक्ती तर पाच रुपयांची आहे. साधी इंजेक्शनची सिरिंज घ्यायची, सुई बसते ते टोक कापायचं, दट्ट्या कापलेल्या बाजूने उलटा घालायचा, आणि गुळगुळीत बाजू स्तनावर ठेवून हलकेच ओढायचं. पाजण्याआधी काही क्षण केलं की स्तनाग्र बाहेर येतं आणि बाळाच्या तोंडी लागतं. १९९३पासून ही युक्ती छापील आहे. ती ठाऊक असलेल्या परिचारिकेला आपण दुधाची डॉक्टरच म्हटलं पाहिजे.

कारण तक्रारीचं मूळ फार वेळा तोंडी लागण्यातच असतं. बाळ नुसतं टोक चोखत राहतं, आईला भेगा पडतात, कळ मस्तकात जाते, ती पाजणं लांबवते, दूध साठतं, बनणं मंदावतं. आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्रातल्या डॉ. रूपल दलाल गेली काही वर्षं हेच शिकवत आहेत. स्तनपानाच्या त्यांच्या चित्रफिती मराठीतही आहेत. त्यांचा भर कोणत्या हाताने बाळाचं डोकं मागून सावरायचं, कोणत्या हाताने स्तन कसा धरायचा, हनुवटी आधी टेकवायची, ओठ बाहेर वळलेला हवा, अशा बारकाव्यांवर आहे. बाळाचं वजन वाढत नाही म्हणून आलेल्या आईकडे त्या आधी पकड पाहतात. आपल्याकडे आधी चिठ्ठी लिहिली जाते. पकड शिकवायला वीस मिनिटं लागतात, चिठ्ठीला एक. ओपीडीत साठ पेशंट बसलेले असताना डॉक्टर काय निवडेल हे सांगायला नको, आणि त्याला दोष देणंही मला जमत नाही.

चुलीकडच्या वाटेवर मला जास्त रेंगाळायचं आहे, कारण तिच्याबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचं बोललं जातं. आयुर्वेदाचा हवाला सगळे देतात. मूळ ग्रंथ थोडेच उघडतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दूध उत्पन्न करणाऱ्या दहा द्रव्यांची यादी आहे. ती अशी: वाळा, साळी, साठी भात, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश, गुंद्रा, इत्कट आणि कत्तृण, यांची मुळं. शतावरी त्या यादीत नाही! सगळी गवतं आणि भातं. शिराळ्याच्या पश्चिमेकडे, जिथे वारणेच्या काठाने भातखाचरं आहेत, तिथे यातली निम्मी बांधावर सापडतील. आज ती कुणी काढ्यात घालत नाही. शतावरीला इतर ठिकाणी स्तन्यवर्धक म्हटलं आहे आणि तिचं आजचं राज्य बऱ्याच अंशी बाजाराने उभं केलं आहे. तिच्यावर दोन भारतीय चाचण्या वाचण्यासारख्या आहेत. ‘इंडियन पीडिॲट्रिक्स’मध्ये १९९६ला आलेल्या चाचणीत शतावरीने ना प्रोलॅक्टिन वाढलं, ना बाळाच्या वजनात फरक पडला. २०११मध्ये साठ आयांवरच्या दुसऱ्या चाचणीत प्रोलॅक्टिन बऱ्यापैकी वाढलं. एक नाही म्हणते, एक हो म्हणते, आणि दोन्ही लहान. डब्यावर मात्र फक्त ‘हो’ छापलेलं असतं.

मेथीचंही तसंच. तुर्कस्तानात मेथीचा चहा पिणाऱ्या आयांच्या बाळांनी जन्माचं वजन लवकर भरून काढलं असं २०११च्या एका छोट्या चाचणीत दिसलं. मेथी रक्तातली साखर उतरवते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर सांभाळून. मुठी-मुठीने खाल्ली तर आईचं आणि कधी बाळाचंही पोट बिघडतं. शेवग्याच्या पाल्यावर फिलिपिन्समध्ये काम झालं आहे आणि ते आशादायक आहे, पण आपण शेवग्याच्या शेंगा खातो आणि पाला शेळीला घालतो. अळिवात लोह भरपूर. ते रक्त गेलेल्या बाईला हवंच असतं. दूध वाढतं म्हणून खाऊ नका, अंगात रक्त भरतं म्हणून खा, एवढं म्हणायला कसलीच चाचणी लागत नाही.

लाडवाचं खरं काम मला वेगळंच वाटतं. स्तनदा आईला पहिले सहा महिने रोज सुमारे सहाशे उष्मांक जास्त लागतात. ते नाही मिळाले तरी दूध फारसं कमी होत नाही. शरीर आईच्या हाडामांसातून ते काढून देतं. म्हणजे लाडू दुधासाठी नाही, आईसाठी आहे. शिवाय जुन्या घरात लाडू एकटा येत नसे. त्याच्याबरोबर सव्वा महिना येई: माहेर, शेक-शेगडी, अंगाला तेल, आणि बाळाला दिवसरात्र छातीशी घेऊन पडून राहण्याची मुभा. घरातल्या कामातून सुटका आणि वारंवार पाजणं, हे दोन्ही दूध वाढवतात याबद्दल कुणाचं दुमत नाही. आता मुंबईहून आलेली लेक पंधरा दिवसांत परत जाते, सव्वा महिना आखडतो, आणि डबा तेवढा कुरिअरने मागून जातो. परंपरेतला जो भाग विकता येतो तोच टिकला. (बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं, डाळी वातूळ म्हणून बंद करायच्या, चीक पिळून टाकायचा, हेही परंपरेचंच, ते गेलं तर बरंच झालं.)

सुश्रुताने मात्र एक गोष्ट अचूक पकडली होती. क्रोध, शोक आणि बाळाविषयी माया नसणं यांनी दूध नाहीसं होतं असं तो म्हणतो. भीती, वेदना आणि चिंता ऑक्सिटोसिनला अडवतात हे विसाव्या शतकातल्या प्रयोगांनी सिद्ध केलं. पान्हा आटतो, दूध आतच राहतं. यातलं तिसरं कारण, माया नसल्याचं, सासरघरात हत्यार म्हणूनही वापरता येतं, आणि वापरलंही जातं. दूध न आलेल्या बाईला ‘तुझं लक्षच नाही पोरात’ हे ऐकवलं की पहिली दोन कारणंही आपोआप तयार होतात.

पान्ह्याचा हा व्यवहार शिराळ्यात वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रेडकू मेलेली म्हैस दूध चोरते, हे गोठा असलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आणि तिला पान्हवायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचण्याचा चोरटा धंदा डेअरीच्या मुलखांत किती फोफावला तेही. तो थांबवायला केंद्राने २०१८मध्ये खासगी कंपन्यांना हे औषध बनवायलाच मनाई केली. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, कारण बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. इंजेक्शनने म्हैस पान्हवते, पण कासेत नसलेलं दूध त्याने तयार होत नाही. बाईचंही तेच. पूर्वी परदेशात ऑक्सिटोसिनचा नाकात मारायचा फवारा स्तनदा मातांना देत. त्याचा उपयोग पान्हा अडकलेल्या बाईपुरताच होता आणि तो आता जवळपास मागे पडला आहे.

हे सगळं म्हणताना ज्यांना खरोखरच दूध कमी येतं त्यांचा अपमान होता कामा नये. अशा आया आहेत. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं तर मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीला इजा होते आणि दूध उतरतच नाही. वारेचा तुकडा आत राहिला तर तोच प्रोजेस्टेरॉन सोडत राहतो. थायरॉइड मंद असतं. काही जणींच्या स्तनात दूध बनवणारा भाग वाढलेलाच नसतो, काहींची शस्त्रक्रिया झालेली असते. लगेच सुरू केलेल्या काही गर्भनिरोधक गोळ्या दूध कमी करतात. यांतल्या थायरॉइडला थायरॉइडचं औषध लागतं, वारेला पिशवी साफ करणं लागतं. डॉमपेरिडोन यांतलं एकही कारण दूर करत नाही, उलट ते शोधायला उशीर लावतं. आणि सगळं करूनही दूध अर्धंच आलं तर अर्धं अंगावरचं, अर्धं वरचं, हा हरल्याचा नव्हे तर शहाणपणाचा मार्ग आहे.

गोळीची न्याय्य जागा काचपेटीतल्या बाळाच्या आईपाशी आहे. तिथेही पर्याय फक्त गोळीचा नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी २७ नोव्हेंबर १९८९ला आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. एका आईचं जास्तीचं दूध तपासून, ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून दुसऱ्या आईच्या बाळाला. केंद्राने २०१७मध्ये अशा केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ज्यांत दुग्धपेढीइतकाच भर आईला स्वतःचं दूध काढायला शिकवण्यावर आहे. शिराळ्यातलं अपुऱ्या दिवसांचं बाळ बहुधा कराड, सांगली किंवा मिरजेला हलवतात. आई टाक्यांसह मागे राहते, दोन-तीन दिवस कुणी तिचं दूध काढत नाही, आणि ती बाळापाशी पोचते तेव्हा कमी दुधाचा प्रश्न घेऊनच पोचते. पहिल्या सहा तासांत हाताने दूध काढायला सुरुवात आणि मग दिवसरात्रीत आठ-दहा वेळा, हे तिला ॲम्ब्युलन्स निघतानाच कुणी दाखवलं, तर गोळीची वेळ पुष्कळदा येणार नाही.

कायद्याचं थोडं. ३ डिसेंबर १९९१ला वर्ध्यात स्तनपानाचा पुरस्कार करणारं एक राष्ट्रीय जाळं, बीपीएनआय, स्थापन झालं; पुढच्याच वर्षी बाळाच्या पावडरींची आणि बाटल्यांची जाहिरात बंद करणारा कायदा आला. आईने घ्यायच्या दूधवर्धक डब्यांना तो लागू होत नाही. त्यामुळे आईच्या मनात ‘तुझं दूध कमी आहे’ ही शंका पेरण्याची जी वाट पावडरवाल्यांना बंद झाली, ती डबेवाल्यांना मोकळी आहे. २०१९-२१च्या त्याच राष्ट्रीय पाहणीत राज्यातल्या ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात, तरी पहिल्या तासात छातीला लागलेली बाळं निम्म्याहून जेमतेम जास्त, ५३ टक्के. दवाखान्याच्या चार भिंतींत, प्रशिक्षित माणसांदेखत, उरलेल्यांचा पहिला तास जातो कुठे, हा प्रश्न कोणत्याही गोळीपेक्षा दुधाशी जास्त निगडित आहे. चिखलीच्या साखर कारखान्याच्या हंगामात उसाच्या फडात दिसणाऱ्या बायकांचा प्रश्न तर आणखी वेगळा. सव्वीस आठवड्यांची रजा देणारा कायदा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बाळ पाचटावर, आई कोयत्यावर, दोन पाजण्यांमध्ये पाच-सहा तास. तिचं दूध आटलं तर ते आटण्याचंच होतं.

तेव्हा डॉक्टरांनी खरोखर विचार करून डॉमपेरिडोन लिहिलं, तर घरच्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. पकड आणि पाजण्याच्या वेळा आधी कुणी तपासल्या का; घरात कुणाला अचानक हृदयविकार, चक्कर येऊन पडणं असं आहे का, आणि असल्यास ईसीजी काढला का; पित्ताच्या गोळीत तेच औषध नाही ना; आणि मात्रा दिवसाला तीस मिलिग्रॅमच्या वर नाही ना. दोन आठवड्यांत वजनकाट्यावर फरक दिसला नाही तर पुढे चालू ठेवण्यात हशील नाही. फरक पडला आणि गोळी महिनोन्महिने चालली, तर ती एकदम तोडायची नाही. अचानक बंद केल्यावर काही आयांना झोप न लागणं, घाबरेपणा, खोल उदासी असा त्रास झाल्याच्या नोंदी कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०२३मध्ये तपासल्या आणि संबंध असू शकतो असं म्हटलं. मात्रा आठवड्या-आठवड्याने उतरवत न्यायची, तीही ज्यांनी चालू केली त्यांनाच विचारून, आणि त्या काळात बाळाचं वजन दर आठवड्याला करत राहायचं.